संहिता, वीण आणि खळ : क्रोशाच्या शोभिवंत वाडग्याची सौंदर्यसमीक्षा
(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

सारांश :
जुन्या छापील नमुन्यांवरून क्रोशाचे वाडगे विणणे आणि त्यांना खळ देऊन ताठ करणे, हे काम सर्वसाधारणपणे घरगुती छंद या सदरात मोडते. नमुना आयता असतो, म्हणून विणणारी केवळ नक्कल करते, असा एक रूढ समज आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. छापील नमुना ही संहिता आणि विणलेला वाडगा हे तिचे वाचन होय, ही भूमिका येथे मांडली आहे. या वाचनात स्थानिक हवामान, तांदळाची पेज आणि मराठी परिभाषा यांचा वाटा कसा पडतो, याचे विवेचन करून अशा वस्तूंच्या मूल्यमापनाचे काही निकष सुचविले आहेत.

बीजशब्द : क्रोशाकाम, नमुना, खळ, रुखवत, लयतत्त्व, बुरूडकाम, स्त्रीश्रम.

प्रस्तावना :
विदर्भासह महाराष्ट्रात सर्वत्र विवाहप्रसंगी मांडल्या जाणाऱ्या रुखवतात क्रोशाच्या वस्तूंना दीर्घकाळ स्थान राहिले आहे. रुमाल, तोरणे, ताटावरची आच्छादने यांबरोबरच ताठ उभे राहणारे जाळीदार वाडगे आणि परड्याही त्यात असतात. या वस्तूंकडे पाहण्याच्या दोन दृष्टी प्रचलित आहेत. गृहअर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्यांचा विचार कौशल्य म्हणून होतो, तर साहित्य आणि सौंदर्यशास्त्राच्या वर्गात त्यांचा विचार होतच नाही. एका विद्याशाखेला त्यात कृती दिसते, दुसरीला काहीच दिसत नाही. बहुविद्याशाखीय अभ्यासाची खरी गरज अशाच ठिकाणी असते.

चंद्रपूर आणि गडचिरोली हा परिसर या विषयासाठी मुद्दाम निवडला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जंगल, भातशेती आणि बांबू ही या संपूर्ण पट्ट्याची ओळख आहे. येथे भांड्यासारखी वस्तू विणण्याची स्वतःची जुनी आणि समृद्ध परंपरा बुरूडकामाच्या रूपाने नांदत आहे. अशा भूमीत, दूरच्या देशातील नमुन्यावरून सुताचा वाडगा विणला जातो तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न केवळ हस्तकलेचा राहत नाही. तो अनुकरण आणि निर्मिती यांच्या संबंधाचा होतो.

छापील नमुन्याचा प्रवास :
क्रोशा हा शब्द आकडा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. एकच आकडीची सुई, एकच दोरा आणि कोणत्याही क्षणी सुईवर असलेला एकच जिवंत फास, एवढ्यावर ही कला उभी आहे. क्रोशाचे छापील नमुने युरोपात प्रथम १८२३ च्या सुमारास 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात आले असे मानले जाते. १८४० च्या दशकापासून रिएगो द ला ब्रांशारदिएर यांच्या पुस्तिकांनी इंग्लंडमध्ये नमुना लिहिण्याची पद्धत लोकप्रिय केली. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने पोटाचा आधार दिला. विसाव्या शतकाच्या मध्यास सूत तयार करणाऱ्या कंपन्यांनी आपल्या सुताचा खप वाढावा म्हणून पुस्तिका काढल्या. साखरेच्या पाकात किंवा खळीत बुडवून उभ्या केलेल्या झालरदार वस्तूंचे नमुने विशेषतः या काळातील आहेत. आज ज्यांना जुने नमुने म्हटले जाते त्यांतील बरेचसे याच व्यापारी गरजेतून जन्मले. म्हणजे नमुन्याचा मूळ हेतू कलात्मक जितका होता, तितकाच बाजारीही होता.

मराठीत हे ज्ञान शाळांतील हस्तव्यवसायाचे तास, महिला मंडळांचे वर्ग आणि स्त्रियांची नियतकालिके या वाटांनी पसरले. १९३० मध्ये सुरू झालेल्या 'स्त्री' मासिकापासून स्त्रियांसाठीच्या नियतकालिकांची जी परंपरा मराठीत रुजली, तिने घरकामाला लिखित रूप दिले. तरीही बहुतेक विणणाऱ्यांनी नमुना कागदावरून न घेता दुसरीच्या हातातील वस्तूवरून घेतला, घरे मोजून उतरवला. त्यामुळे एकच नमुना छापील आणि मौखिक अशा दोन्ही परंपरांत एकाच वेळी जगत राहिला. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेला पाठभेदाचा प्रश्न येथेही उभा राहतो.

नमुना ही संहिता :
आर. जी. कॉलिंगवुड यांनी 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) या ग्रंथात कारागिरी आणि कला यांत भेद केला. कारागिरीत फलित आधीच ठरलेले असते आणि कृती त्या फलिताचे साधन असते. कलेत असे पूर्वनिश्चित फलित नसते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. या कसोटीवर नमुन्यावरून विणलेला वाडगा अर्थातच कारागिरीत जमा होतो. तथापि हा युक्तिवाद नमुन्याच्या स्वरूपाविषयी एक गोष्ट गृहीत धरतो : नमुना वाचताच फलित निश्चित होते. प्रत्यक्षात तसे होत नाही.

याचे उत्तम उदाहरण नमुन्यांच्या परिभाषेतच सापडते. ब्रिटिश पुस्तिकांत 'डबल क्रोशे' म्हणजे आखूड टाका; अमेरिकी पुस्तिकांत याच शब्दाचा अर्थ उंच टाका असा होतो. सपाट वर्तुळ विणायचे तर आखूड टाक्यांच्या प्रत्येक फेरीत साधारणतः ६ टाके वाढवावे लागतात आणि उंच टाक्यांच्या प्रत्येक फेरीत साधारणतः १२. आता एखादीने ब्रिटिश पुस्तिकेतील सपाट रुमाल अमेरिकी अर्थाने विणला तर काय होईल? टाके उंच, पण वाढ अपुरी. परिणामी कडा वर उचलली जाते आणि रुमालाचा वाडगा होतो. उलट अमेरिकी नमुना ब्रिटिश अर्थाने विणला तर टाके आखूड आणि वाढ जास्त. वर्तुळाला झालर पडते. एकच अक्षरसंहिता, दोन अर्थ आणि तीन भिन्न आकार. ज्या लेखनातून असे होऊ शकते ते लेखन साच्यासारखे नसते, ते अर्थनिर्णयाची अपेक्षा करणारे असते.

या पार्श्वभूमीवर मराठी परिभाषेचे महत्त्व लक्षात येते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब ही नावे टाक्याच्या दृश्य रूपावरून पडली आहेत. साखळी आडवी धावते, खांब उभा राहतो आणि मुका खांब उंची न गाठताच थांबतो. इंग्रजीतील दोन परंपरांचा गोंधळ या नावांत शिल्लक राहत नाही. विणकामाची कल्पना येथे घराच्या बांधणीतून केलेली दिसते. ही नावे रुळवणाऱ्या स्त्रियांची नोंद कोठेही नाही. पण त्यांनी केलेले काम भाषांतराच्या पुढे जाऊन भाष्याच्या पातळीवर पोहोचते.

नमुन्यातून निवड करणे हीदेखील निर्मितीच असते, हे समजण्यासाठी याच परिसरातील एक उदाहरण उपयोगी पडेल. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातील भातात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, त्या वर्षानुवर्षे जपून 'एचएमटी' हे वाण विकसित केले. त्यांनी रोप शून्यातून घडवले नाही. त्यांनी फरक ओळखला आणि तो टिकवला. विणणारी स्त्री नमुन्यातील एक फेरी गाळते, झालरीऐवजी कंगोरे घेते, आणि पुढची तिची वस्तू पाहून तेच रूप पुढे नेते, तेव्हा ती याच जातीचे काम करते. दोन्ही कामांची प्रतवारी भिन्न आहे, परंतु निवडीला निर्मिती न मानण्याची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

लयतत्त्व आणि वाडग्याचा आकार :
बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या तीन नियमांच्या आधारे लयतत्त्वाची मांडणी केली. क्रोशाच्या वाडग्याला ही मांडणी चांगली लागू पडते. फेरीफेरीला परतणारे खांबांचे गुच्छ संवादलय निर्माण करतात. भरीव खांब आणि रिकामे घर यांच्यात विरोधलय असते. तळाच्या दाट विणीला काठाची विरळ जाळी तोलून धरते, हा समतोल होय. इमॅन्युएल कांट यांनीही १७९० च्या ग्रंथात मुक्त सौंदर्याची उदाहरणे देताना काठावरच्या पानांच्या नक्षीचा समावेश केला होता. नक्षी काहीच सांगत नाही, म्हणून ती हीन ठरते, असे सौंदर्यशास्त्र म्हणत नाही. असे म्हणतो तो व्यवहार.

वाडग्याचा आकार वाढीच्या हिशेबातून येतो. वाढ नेमकी असेल तोवर तळ सपाट राहतो, वाढ थांबली की भिंत उभी राहते आणि वाढ अतिरिक्त झाली की काठ लहरतो. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना तैमिना यांनी १९९७ मध्ये याच अतिरिक्त वाढीच्या तत्त्वावर अतिपरवलयी प्रतलाची टिकाऊ प्रतिकृती क्रोशाने विणून दाखविली. कागदाच्या नाजूक प्रतिकृतींतून विद्यार्थ्यांना जे समजावणे अवघड जात होते, ते सुताने सोपे केले. रुखवतातील झालरदार परडी विणणाऱ्या स्त्रीला या भूमितीचे नाव ठाऊक नसेल, पण तिच्या बोटांना तिचा हिशेब ठाऊक असतो.

मर्ढेकरांची भूमिका येथपर्यंत साथ देते. तिच्या चौकटीत न बसणारा भाग पुढे आहे. वीण पूर्ण झालेला वाडगा अजून वाडगा नसतो, तो लोळागोळा होऊन पडलेला कपडा असतो. त्याला उभे करते ती खळ, आणि खळीचा संबंध घटकांच्या रचनेपेक्षा पदार्थाशी, ऋतूशी आणि जागेशी आहे.

खळ : स्थानाचा हस्तक्षेप :
जुन्या पाश्चात्त्य नमुन्यांत ताठपणासाठी साखरेचा पाक सर्रास सुचविलेला असतो. साखर पाण्यात विरघळवून त्यात वीण भिजवायची, पिळायची, पालथ्या वाटीवर ओढून बसवायची आणि वाळू द्यायची, अशी ही रीत. कोरड्या हवेत वाळलेली साखर काचेसारखी कडक होते. परंतु साखर हवेतील ओलावा शोषून घेते. गडचिरोलीच्या संततधार पावसाळ्यात असा वाडगा चिकट होतो, काठाकडून वाकतो आणि मुंग्यांच्या स्वाधीन होतो. नमुन्यातील सूचना अक्षरशः पाळली तर वस्तू टिकत नाही. ज्या टप्प्यावर संहिता आज्ञा देते, पण आज्ञेचे पालन अशक्य असते, त्या टप्प्यावर वाचकाला स्वतःचा निर्णय घ्यावाच लागतो.

भात हे मुख्य पीक असलेल्या या पट्ट्यात तो निर्णय तांदळाकडे वळणे स्वाभाविक आहे. तांदळाच्या स्टार्चचे कण अतिशय सूक्ष्म असतात, त्यामुळे ते सुताच्या पिळात सहज शिरतात आणि पातळ, एकसारखा थर देतात. पाण्यात शिजवताना हे कण फुगतात आणि त्यांची पेज दाट होते; वाळताना त्यांतील लांब साखळ्यांचे रेणू एकमेकांना धरून पापुद्रा तयार करतात. पेज फार दाट झाली तर जाळीची घरे भरतात, फार पातळ झाली तर काठ झुकतो. ही मात्रा कोणत्याही पुस्तिकेत नेमकी लिहिता येत नाही. तांदूळ, सूत आणि त्या दिवसाची हवा पाहूनच ती ठरते. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा वाडगा काही तासांत खडखडीत होतो. मात्र घाईने वाळल्यास एक बाजू आखडते. श्रावणात तोच वाडगा दोन दिवस ओलसर राहून त्याला बुरशीचा वास लागू शकतो. कसर आणि झुरळे खळीचे वैरी आहेत, हे वेगळेच.

या खळीचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे ती परतीची आहे. वाडगा धुतला की तो पुन्हा मऊ सूत होतो. दिवाळीच्या आधी पुन्हा खळ दिली की पुन्हा उभा राहतो. आकार हा त्याला कायमचा चिकटलेला नसतो, तो दरवेळी नव्याने दिला जातो. अलीकडे पेजेची जागा फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने घेतली आहे. गोंदाने टिकाऊपणा येतो, ओलाव्याची भीती बरीच कमी होते, ही सोय नाकारण्याचे कारण नाही. पण गोंदाचा जाड थर घरे बुजवतो, सुताला प्लास्टिकची चकाकी आणतो आणि वस्तूला कायमची बंदिस्त करतो. क्रोशाचे सौंदर्य सुताइतकेच त्याच्या रिकाम्या घरांत असते. ही घरे बुजली की लयीतील विरोध नाहीसा होतो आणि उरते ती केवळ वाटीच्या आकाराची एक वस्तू. त्यावर चमकी आणि प्लास्टिकचे मोती लावले म्हणजे ही हानी झाकते, भरून निघत नाही.

बुरडाची परडी आणि क्रोशाचा वाडगा :
टोपली, सूप, दुरडी, परडी, रोवळी ही बुरूडकामाची रूपे या परिसराच्या दैनंदिन जीवनाचा भाग आहेत. रचनेच्या दृष्टीने टोपली आणि क्रोशाचा वाडगा यांच्यात जवळचे नाते आहे. दोन्हींची सुरुवात मध्यबिंदूपासून होते, दोन्हींत तळ पसरतो आणि मग भिंत उचलली जाते. टोपलीच्या तळातून निघणाऱ्या कामट्या विरळ होऊ लागल्या की त्या चिरून किंवा नव्या घालून वाढवाव्या लागतात. क्रोशात त्याच जागी टाके वाढतात. भेद आहे तो ताठपणाच्या उगमात. बांबूचा ताठपणा त्याच्या अंगचा असतो, कारागीर त्याला वाकवतो. सुताला ताठपणा बाहेरून द्यावा लागतो. एक कला कठीणाला नमविण्याची आहे, दुसरी मऊला उभे करण्याची.

दुसरा भेद सामाजिक आहे. बुरूडकाम हा उपजीविकेचा व्यवसाय आहे आणि त्याचा कच्चा माल दीर्घकाळ वनखात्याच्या नियंत्रणात राहिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायदा २००६ अन्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि गावाला स्वतःच्या बांबूच्या विक्रीसाठी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार प्रत्यक्षात येण्यास २०११ साल उजाडावे लागले. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, कारण बांबू हा धोरणाचा विषय झाला. क्रोशाचे सूत दुकानात मिळते, त्यासाठी परवाना लागत नाही. म्हणून त्याच्याभोवती संघर्ष नाही आणि संघर्ष नाही म्हणून विचारही नाही. टोपलीला वापर आहे, पण प्रतिष्ठा कमी. क्रोशाच्या वाडग्याला दिवाणखान्यात जागा आहे, पण वापर नाही. दोन्ही वस्तूंवर करणाऱ्याचे नाव मात्र नसते. एकीला उपयुक्त म्हणून आणि दुसरीला निरुपयोगी म्हणून समीक्षेबाहेर ठेवणारी दृष्टी एकच आहे.

श्रम, रुखवत आणि मूल्य :
क्रोशाकामाचे गुणगान करताना त्यातील श्रमाचा प्रश्न सुटून जाता कामा नये. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंचाजवळ प्राणहिता नदी गोदावरीला मिळते. हीच गोदावरी समुद्राला मिळण्यापूर्वी तिच्या वसिष्ठ शाखेच्या काठी आंध्र प्रदेशातील नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांमार्फत तेथे क्रोशाची लेस रुजली आणि तिचा निर्यात व्यवसाय झाला. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' (१९८२) या अभ्यासात दाखवून दिले की, जागतिक बाजारपेठेसाठी राबणाऱ्या या स्त्रियांना गृहिणी समजले गेले आणि त्यांचे काम फावल्या वेळेतील मानले गेले. त्यामुळेच त्यांची मजुरी कमी ठेवणे शक्य झाले. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन स्थळाला नाव देते, विणणाऱ्या हातांना ते आपोआप मोल देत नाही.

यंत्राने निटिंग साधले, पण क्रोशा औद्योगिक प्रमाणावर आजही हाताचाच राहिला आहे. म्हणून क्रोशाची प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी तासांचा हिशेब असते. रुखवतातील वाडग्याचे तास मोजले जात नाहीत, कारण ते वधूच्या गुणांचे प्रदर्शन मानले जातात. रोझिका पार्कर यांनी 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' (१९८४) मध्ये भरतकामाविषयी जी दुहेरी बाजू मांडली, ती येथेही दिसते : सुईने स्त्रीला आज्ञाधारकपणा शिकवला आणि त्याच सुईने तिला स्वतःचे म्हणता येईल असे निर्मितीचे क्षेत्रही दिले. या दोन्हींपैकी एकच बाजू पाहणारी समीक्षा अपुरी ठरते. वाडग्याला केवळ गुलामीची खूण म्हणणे हे विणणारीच्या बुद्धीचा अवमान करणे होय. त्याला केवळ आनंदाचे प्रतीक म्हणणे हे तिच्या मजुरीवर पांघरूण घालणे होय.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. क्रोशाचा छापील नमुना हा साचा नसून संहिता आहे. तिची परिभाषा, परंपरा आणि वापरलेले सूत यांनुसार तिचे वाचन बदलते व आकारही बदलतो.

२. वस्तू नमुन्याशी किती तंतोतंत जुळते, हा मूल्यमापनाचा निकष अपुरा आहे. नमुन्यापासून ती कोठे वळली, तो वळसा जाणतेपणी घेतला आहे काय आणि त्याने घरे, खांब व काठ यांचा समतोल साधला काय, हे पाहिले पाहिजे.

३. खळ देणे हा पूरक सोपस्कार नाही. दूरचा नमुना आणि जवळची भूमी यांची भेट त्याच टप्प्यावर होते. जाळी मोकळी ठेवून तिला उभे करणारी खळ श्रेष्ठ, जाळी बुजवून उभे करणारी कनिष्ठ, असा भेद समीक्षेने निःसंकोच करावा.

४. बुरूडकाम आणि क्रोशाकाम यांचा अभ्यास एकत्र व्हावा. या परिसरातील महाविद्यालयांत गृहअर्थशास्त्र, मराठी, समाजशास्त्र आणि गणित या विभागांना तो संयुक्तपणे हाती घेता येईल. वस्तूंचे संकलन करताना विणणारीचे नाव, लागलेले तास, सूत आणि खळीची रीत यांची नोंद प्रथम करावी.

शेवटचा मुद्दा तातडीचा आहे. पेजेची खळ दिलेला वाडगा ओलाव्याने, किडीने किंवा धुण्याने आपला आकार गमावतो. विणणारी हयात असेल तोवरच तो पुन्हा कसा उभा करायचा हे सांगता येते. नमुन्याच्या पुस्तिका ग्रंथालयांत राहतील. पेज किती दाट असावी, हे मात्र त्यांत लिहिलेले नाही.